घडीच्या फोनचा ताळेबंद

खिशात सहज मावावी इतकी लहान आणि डोळ्यांना ताण न देता वाचता यावी इतकी मोठी, अशा दोन परस्परविरोधी अपेक्षा एकाच वस्तूकडून बाळगण्याचा मनुष्याचा हव्यास नवा नाही. परंतु मोबाइल फोनने जेव्हा संभाषणाचे साधन ही आपली मूळची मर्यादा ओलांडून पत्रव्यवहार, वाचन, छायाचित्रण, बँकेची देवघेव आणि सरकारी कचेरीतले दाखले ही सारी कामे आपल्याकडे ओढून घेतली, तेव्हा या जुन्या विरोधाला व्यापारी निकड प्राप्त झाली. पडदा वाढवावा तर मूठ पुरत नाही, आणि मूठ सांभाळावी तर अक्षर बारीक होते, या पेचातून सुटण्यासाठी उत्पादकांनी योजलेला उपाय म्हणजे पडद्याचीच घडी घालणे. हा उपाय तांत्रिक दृष्ट्या विलक्षण आहे याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. विचार करायचा आहे तो इतकाच, की ज्याने त्यासाठी पदरचे लाख-सव्वालाख मोजायचे त्या गृहस्थाच्या दृष्टीने हा मामला कितपत किफायतीचा आहे.

बिजागरी ही फोनला काही नवी नाही. १९९६ साली नोकियाने बाजारात आणलेला ९००० कम्युनिकेटर आडवा उघडला की आत रुंद पडदा आणि अक्षरांच्या कळा दिसत. त्याच वर्षी मोटोरोलाचा मिटणारा स्टारटॅक आला, आणि २००४ साली त्याच कंपनीच्या रेझरने तर मिटणाऱ्या फोनला अलंकाराची प्रतिष्ठा मिळवून दिली. पण या सर्वांत बिजागरी दोन कठीण भागांना जोडीत असे. पडदा एकाच बाजूस अखंड राही आणि वाकण्याची पाळी त्याच्यावर कधीच येत नसे. मायक्रोसॉफ्टने २०२० साली विकलेल्या सरफेस ड्युओ या फोनात दोन पडदे शेजारी-शेजारी ठेवून पाहिले, तरी मधली फट कायम राहिली आणि ओळीवर ओळ वाचीत जाणाऱ्या डोळ्याला ती प्रत्येक वेळी अडखळवी. आज ज्याला आपण घडीचा फोन म्हणतो त्याचे वेगळेपण हे, की त्यात बिजागरीबरोबर खुद्द पडदाही वाकतो.

काच वाकते कशी

कोणतीही पट्टी वाकवली असता तिचा बाहेरचा पृष्ठभाग ताणला जातो, आतला आकसतो, आणि दोहोंच्या मध्ये असा एक थर उरतो की ज्याला ना ताण जाणवतो ना दाब. यंत्रशास्त्रात त्याला तटस्थ प्रतल म्हणतात. बाहेरच्या पृष्ठभागावर येणारा ताण पट्टीच्या जाडीच्या सम प्रमाणात आणि वळणाच्या त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात असतो, एवढा एक नियम ध्यानात ठेवला म्हणजे या फोनच्या रचनेतील बहुतेक गूढ उकलते. साध्या फोनवरची काच अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड असते. तिला दीड मिलिमीटर त्रिज्येच्या वळणात बसवायचे ठरवले, तर तिचा बाहेरचा पृष्ठभाग सोळा-सतरा टक्क्यांनी ताणावा लागेल. आणि नित्याची काच तर एका टक्क्याच्या अल्पशा अंशातच तडकते. तेव्हा काच वाकवण्याचा मार्ग एकच, आणि तो म्हणजे तिची जाडी इतकी उतरवणे, की ताणाला वावच राहू नये. २०२० साली सॅमसंगने आपल्या गॅलेक्सी झेड फ्लिप या फोनात वापरलेली काच केवळ ०.०३ मिलिमीटर जाडीची, म्हणजे लिहिण्याच्या साध्या कागदाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी होती. त्याच वळणात तिच्यावर येणारा ताण एका टक्क्यावर येतो. एवढाही ताण कच्च्या काचेला सोसत नाही, म्हणून तिला वितळलेल्या पोटॅशियम-क्षाराच्या कुंडात बुडवून ठेवतात. पृष्ठभागावरचे सोडियमचे आयन निघून जाऊन त्यांच्या जागी आकाराने मोठे असे पोटॅशियमचे आयन शिरतात, त्यांच्या दाटीने पृष्ठभाग आतल्या आत आवळला जातो, आणि वाकवताना येणाऱ्या ताणाला आधी हे साठवलेल्या दाबाचे देणे फेडावे लागते.

काचेखालचा प्रकाशणारा थरही वाकणारा हवा. द्रवस्फटिकांच्या जुन्या पडद्याला पाठीमागून दिव्याचा उजेड लागे आणि दोन काचांमधले अंतर सर्वत्र तंतोतंत सारखे राखावे लागे, त्यामुळे तो घडीला अपात्रच होता. ईस्टमन कोडॅक कंपनीतील चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक या संशोधकांनी १९८७ साली सेंद्रिय पदार्थांच्या अतितलम थरांतून विजेच्या साहाय्याने कार्यक्षम रीतीने प्रकाश काढून दाखवला, आणि पुढे त्यातून विकसित झालेला ओलेड पडदा स्वयंप्रकाशी असल्यामुळे त्याला पाठीमागच्या दिव्याची गरज उरली नाही. हा थर काचेऐवजी पॉलिइमाइड नावाच्या प्लास्टिकवर रचता येतो. अवकाशयानांवर गुंडाळलेली सोनेरी-पिवळी वेष्टने ज्या पदार्थाची असतात तोच हा पदार्थ. असे अनेक थर मऊ, पारदर्शक चिकटद्रव्याने एकमेकांवर बसवतात आणि सर्वांत नाजूक थर तटस्थ प्रतलाच्या जवळ पडेल अशी तजवीज करतात.

या साऱ्या कौशल्याला एक अटळ मर्यादा आहे. कागदाहून पातळ काच वाकते खरी, पण एका बिंदूवर पडलेला दाब ती सोसू शकत नाही, म्हणून तिच्यावर पुन्हा प्लास्टिकचा पापुद्रा चढवावा लागतो. आणि वापरणाऱ्याचे बोट प्रत्यक्षात टेकते ते काचेवर नव्हे, या पापुद्र्यावर. वाळूचा कण क्वार्ट्झचा असतो आणि प्लास्टिक त्याच्यापुढे लोण्यासारखे मऊ. घडीच्या फोनच्या टिकाऊपणाविषयी जे काही प्रश्न पुढे उभे राहतात त्यांचे मूळ या एका गोष्टीत आहे.

२०१९ची फजिती

शेन्झेनच्या रॉयोल नावाच्या तुलनेने अपरिचित कंपनीने ऑक्टोबर २०१८च्या अखेरीस फ्लेक्सपाय हा फोन जाहीर करून या क्षेत्रातील अग्रपूजेचा मान मिळवला; ही कंपनी पुढे दिवाळखोरीत निघाली. व्यापक प्रमाणावर मोहीम उघडली ती सॅमसंगने. २० फेब्रुवारी २०१९ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे १९८० डॉलर किमतीचा गॅलेक्सी फोल्ड जाहीर झाला आणि २६ एप्रिल ही अमेरिकेतील विक्रीची तारीख मुक्रर झाली. परंतु परीक्षणासाठी पत्रकारांच्या हाती दिलेले काही नग थोड्याच दिवसांत निकामी झाले. कोणी पडद्यावरचा पापुद्रा हे नव्या वस्तूवरचे फेकून देण्याचे वेष्टन आहे अशा समजुतीने सोलून काढला होता, तर कोणाच्या फोनात बिजागरीच्या कडेने कण शिरून पडद्याला खालून फुगवटा आला होता. सेंद्रिय थराला हवा आणि ओलावा यांचे वावडे असल्यामुळे संरक्षक थर एकदा भंगला म्हणजे पडदा मरणारच. विक्री पुढे ढकलली गेली. पापुद्र्याच्या कडा चौकटीखाली सरकवल्या गेल्या, बिजागरीच्या दोन्ही टोकांना टोप्या बसल्या, पडद्याखाली धातूचा जादा थर आला, आणि सप्टेंबरात दक्षिण कोरियात व ऑक्टोबरात १,६४,९९९ रुपयांना भारतात तो फोन अखेर विक्रीस निघाला. हुआवेने त्याच वर्षी मेट एक्स या फोनात उलटा मार्ग पत्करून घडी बाहेरच्या बाजूस घातली. त्यामुळे वळणाची त्रिज्या वाढून पडद्यावरचा ताण हलका झाला, पण मिटलेल्या स्थितीतही नाजूक पडदा उघडाच राही. म्हणून बहुतेक उत्पादकांनी पुढे आतल्या घडीचाच मार्ग धरला.

त्यानंतरची सुधारणा मात्र झपाट्याची आहे, हे निःपक्षपाती निरीक्षकाला मान्य करावे लागते. २०२० साली काच आली, २०२१ साली पाण्यापासून संरक्षण आले, आणि पडद्याला मिटताना पाण्याच्या थेंबासारखे मोकळे वळण देणाऱ्या बिजागऱ्या आल्यापासून मधली वळी पुष्कळ पुसट झाली व मिटल्यावर राहणारी फटही नाहीशी झाली. पहिला गॅलेक्सी फोल्ड अडीचशे ग्रॅमहून अधिक वजनाचा असून मिटल्यावर बिजागरीपाशी १७ मिलिमीटर जाड होता; २०२५च्या जुलैत आलेला त्याच घराण्यातला सातवा फोन, फोल्ड७, २१५ ग्रॅमचा आणि मिटून ८.९ मिलिमीटरचा आहे, म्हणजे त्याच कंपनीच्या त्याच वर्षीच्या गॅलेक्सी एस२५ अल्ट्रा या अखंड फोनपेक्षा तीन ग्रॅमने हलकाच. घडीचा फोन खिशाला जड होतो ही तक्रार, निदान वरच्या किमतीच्या फोनांपुरती, आता मुदतबाह्य झाली असे समजावे.

लाखो घड्या आणि एक कण

घडीच्या फोनची जाहिरात जेव्हा त्याच्या आयुष्याविषयी बोलते तेव्हा ती घड्यांची संख्या सांगते. आरंभी ही संख्या २,००,००० होती. २०२५ साली सॅमसंगच्या पडदे बनवणाऱ्या शाखेने ब्युरो व्हेरिटास या तपासणी संस्थेकडून २५ अंश सेल्सिअस तापमानात ५,००,००० घड्यांची चाचणी करवून घेतली. दिवसाकाठी १०० वेळा उघडझाप धरली तरी २,००,००० घड्या साडेपाच वर्षे पुरतात आणि ५,००,००० घड्या साडेतेरा वर्षांहूनही अधिक. म्हणजे ज्या यंत्राचा बॅटरीवाचून वा नव्या आज्ञावलीवाचून त्याआधीच निकाल लागणार, त्याची बिजागरी त्यानंतरही शाबूत राहील. या आकड्यांवर अविश्वास दाखवण्याचे कारण नाही. परंतु ते ज्या प्रश्नाचे उत्तर देतात तो खरेदीदाराचा प्रश्न नव्हे. स्वच्छ खोलीत, सम तापमानात, यंत्राच्या निर्विकार हाताने घातलेली घडी आणि वैशाखात चंद्रपूरच्या रस्त्यावर किंवा वाऱ्याच्या दिवशी गुहागरच्या पुळणीवर मनुष्याने घातलेली घडी, यांत अंतर आहे. प्लास्टिक आणि चिकटद्रव्ये यांचे गुण तापमानाबरोबर पालटतात, आणि घडीच्या पोटात सापडलेला वाळूचा एक कण जे करील ते लक्ष निर्मळ घड्यांनी होणार नाही.

या बाबतीत संरक्षणाचा जो सांकेतिक दाखला फोनला दिलेला असतो तो नीट वाचावा. त्यातील पहिला अंक धुळीविषयी आणि दुसरा पाण्याविषयी असतो. आयपीएक्स८ असे लिहिलेले असल्यास पाण्याची परीक्षा झाली, परंतु धुळीच्या जागी अंकच नाही, म्हणजे त्या बाबतीत कसलीही ग्वाही नाही. आयपी४८ यातील चाराचा अर्थ एवढाच, की एक मिलिमीटरहून मोठी वस्तू आत शिरणार नाही. आणि आपल्याकडची धूळ त्याहून किती सूक्ष्म असते हे सांगायला नको. धुळीपासून पूर्ण संरक्षणाचा सहा हा अंक अखंड फोनांना कित्येक वर्षांपासून मिळत आला आहे; घडीच्या फोनात तो गूगलच्या २०२५ सालच्या पिक्सेल १० प्रो फोल्डबरोबर प्रथम आला. शेतावर, बांधकामावर, गिरणीत किंवा समुद्रकाठी ज्याचा दिवस जातो त्याने घड्यांची लाखांतली संख्या बाजूला ठेवून हा एक अंक आधी पाहावा.

पान किती मोठे होते

आता लाभाच्या बाजूकडे वळू. पुस्तकासारखा उघडणारा फोन पडदा मोठा करतो खरा, पण तो कोणत्या कामासाठी किती मोठा होतो याची रुजुवात भूमितीच्या आधारे करणे इष्ट, कारण या ठिकाणी डोळे फसतात. सातव्या गॅलेक्सी फोल्डचा आतला पडदा कर्णाने ८ इंच असून आकाराने जवळजवळ चौरस आहे. एस२५ अल्ट्राचा पडदा ६.९ इंच व लांबट. क्षेत्रफळ काढले तर पहिला सुमारे ३२ चौरस इंच आणि दुसरा सुमारे १८, म्हणजे जागा पाऊणपट वाढली. पण चित्रपट चौरस नसतो. सोळास नऊ या प्रमाणाचे चित्र चौरस पडद्यावर मांडले की वर व खाली काळ्या पट्ट्या उरतात, आणि प्रत्यक्ष चित्र मोठे होते ते फार तर एक तृतीयांशाने. चित्रपट व क्रिकेटचे सामने मोठे दिसावेत एवढ्याच हेतूने जो हा फोन घेतो, तो मोजलेल्या जागेपैकी बराच भाग काळ्या पट्ट्यांसाठी विकत घेतो.

वाचनाचा हिशेब याच्या उलट आहे. सातबाराचा उतारा, न्यायालयाचा निकाल, निविदेची सूचना, विमा-पत्र किंवा छापील पुस्तकाची प्रतिमा ही सारी साधारणतः मोठ्या कागदाच्या रुंदीची असतात. ए-फोर आकाराचे, ८.२७ इंच रुंदीचे पान अखंड फोनवर उभे ठेवले तर ते मूळ आकाराच्या ३५ टक्क्यांपर्यंत आकसते, आणि मग अक्षर वाचण्यासाठी ओळ डावी-उजवी सरकवीत राहण्याची कवायत करावी लागते; तेच पान घडीच्या पडद्याच्या रुंदीत ६५ टक्के आकारात बसते व डोळे तरुण असल्यास तसेच वाचता येते. नकाशा, जमाखर्चाचा तक्ता, इमारतीचा आराखडा, संगीताची स्वरलिपी यांनाही हेच लागू. शिवाय रुंद पडद्यावर दोन कामे शेजारी मांडता येतात: एकीकडे दस्तऐवज आणि दुसरीकडे त्यावरचे पत्र. गूगलने २०२२ साली अँड्रॉइडची बारा-एल ही आवृत्ती मोठ्या पडद्यांसाठीच काढल्यापासून ही सोय पुष्कळ सुरळीत झाली आहे, जरी काही ॲप अद्याप लहान पडद्यासाठी बेतलेला मजकूर नुसता ताणून दाखवतात.

आडव्या घडीचा, मिटल्यावर लहान चौकोनी होणारा फोन ही याहून निराळीच चीज आहे. तो पडदा वाढवीत नाही. नेहमीचाच पडदा अर्ध्या उंचीत मिटवतो. बदल्यात जाडी वाढते (२०२५चा झेड फ्लिप७ मिटल्यावर १३.७ मिलिमीटर भरतो), पण कुर्त्याच्या उथळ खिशात किंवा लहान पर्समध्ये तो बसतो, अर्धा उघडून टेबलावर ठेवला की आपोआप उभा राहतो, आणि बाहेरच्या छोट्या पडद्यावर संदेश व वेळ पाहता येत असल्यामुळे फोन उघडून त्यात तासभर हरवण्याचा मोह काहीसा आवरतो. या प्रकारात स्वस्ताईही आली आहे: झेड फ्लिप७ भारतात १,०९,९९९ रुपयांना निघाला असला, तरी टेक्नोने आपला फँटम व्ही फ्लिप२ डिसेंबर २०२४ मध्ये ३४,९९९ रुपयांना विकायला काढला. ही वस्तू पैशांच्या बदल्यात आटोपशीरपणा देते. तिच्याकडून कामाची अपेक्षा करू नये म्हणजे निराशा होत नाही.

जमा आणि खर्च

पुस्तकी घडीचा खर्च मांडताना वर घेतलेली जोडीच पुढे ठेवू, कारण दोन्ही फोन एका घरचे आणि एका सालचे आहेत. फोल्ड७ची भारतातील आरंभीची किंमत १,७४,९९९ रुपये, एस२५ अल्ट्राची १,२९,९९९. फरक ४५,००० रुपयांचा. एवढे जास्त मोजूनही काही बाबतींत पदरी कमीच पडते: बॅटरी ५,००० ऐवजी ४,४०० मिलिअँपियर-तासांची, दूरचे टिपणारे भिंग तोकडे, धुळीचा दाखला उणा, आणि पूर्वीच्या घडीच्या फोनांवर चालणारी लेखणीही या आवृत्तीत वगळलेली. म्हणजे हे ४५,००० रुपये निव्वळ घडीचे मोल आहे, किंबहुना त्याहूनही थोडे अधिक. चार वर्षांच्या वापरावर ते वाटले तर दिवसाला सुमारे ३१ रुपये पडतात. जो दिवसातून दहा वेळा आतला पडदा उघडून काम करतो त्याला प्रत्येक उघडणे तीन रुपयांना पडते, आणि जो आठवड्यातून दोनदा पाहुण्यांना दाखवण्यापुरता उघडतो त्याला शंभराहून अधिक.

यात दुरुस्तीची रक्कम धरलेली नाही. आतला पडदा हा या फोनमधील अत्यंत महाग भाग असून तो बदलताना सहसा चौकटीचा काही भागही बदलावा लागतो. वर्षभराची सामान्य हमी ही निर्मितीतील दोषापुरती असते आणि पडणे, दबणे, ओरखडा यांना ती लागू नसते. म्हणून असा फोन घेणाऱ्याने त्याच वेळी अपघाती हानीचा विमा उतरवावा, त्यातील कलमे वाचावीत, आतल्या पडद्याच्या बदलीस प्रत्येक वेळी आपल्याला किती भरणा करावा लागेल आणि मुदतीत अशी बदली किती वेळा मिळेल हे लेखी पाहून घ्यावे, व तो हप्ताही किमतीतच मिळवावा. आपल्या जिल्ह्याच्या गावी अधिकृत दुरुस्ती केंद्रात घडीचा पडदा बदलला जातो की फोन मुंबई-पुण्यास धाडावा लागतो, याचीही खातरजमा खरेदीपूर्वीच करून घ्यावी. ज्याचा सारा व्यवहार एका यंत्रावर अवलंबून आहे त्याला आठवडाभर त्यावाचून राहणे परवडत नाही.

या ताळेबंदात एक अंतर्विरोध दडलेला आहे, आणि तो सोडवल्याखेरीज निर्णय होत नाही. घडीच्या फोनचा उपयोग ज्या कृतीने वसूल होतो, त्याच कृतीने त्याचा नाजूक भाग धोक्यात येतो: प्रत्येक उघडण्याने खर्च थोडा फिटतो, आणि प्रत्येक उघडण्याने मऊ पापुद्रा धुळीपुढे व नखापुढे उघडा पडतो. जपून, क्वचित उघडणाऱ्याचा फोन वर्षानुवर्षे नव्यासारखा राहील, पण त्याने घडीचे पैसे व्यर्थ घातले. आणि जो तो निःसंकोच उघडील त्याचे पैसे वसूल होतील, पण दुरुस्तीचा प्रसंगही त्याच्यावरच यायचा. यास्तव हा फोन त्यानेच घ्यावा ज्याला तो हाताळताना जीव वर-खाली होणार नाही, म्हणजे ज्याची ऐपत एका पडद्याच्या बदलीने डगमगत नाही आणि ज्याचे काम रुंद पान मागते. प्रवासात दस्तऐवज वाचणारा वकील, आराखडे पाहणारा वास्तुविशारद, तक्ते तपासणारा हिशेबनीस, मुद्रिते वाचणारा संपादक, यांच्या बाबतीत मी अनुकूल मत देईन. ज्यांचा फोन बोलणे, निरोप, छायाचित्रे आणि चलच्चित्रे एवढ्यातच गुंततो, म्हणजे आपल्यापैकी बहुसंख्य, त्यांना अखंड फोन अधिक टिकाऊ, अधिक बळकट बॅटरीचा आणि स्वस्त मिळतो; वाचलेल्या ४५,००० रुपयांत एक चांगला टॅब्लेट येऊन काही शिल्लकही उरते, आणि त्याचा पडदा घडीच्या पडद्याहून मोठा असतो. तो खिशात मावत नाही हे खरे. पण जो दिवसाकाठी एकदाच, घरी, निवांत बसून वाचतो, त्याला खिशाची अट घालून घेण्याचे कारणच काय?

जगभर २०२५ सालीही विकल्या गेलेल्या शंभर स्मार्टफोनांत घडीचे फोन दोनही भरले नाहीत, याचा अर्थ ग्राहक मागासलेला आहे असा कोणी लावू नये. सहा वर्षांत यंत्र सुधारले, पातळ झाले, बिजागरी भरवशाची झाली, आणि तरीही बहुतेकांनी हात आखडता घेतला, कारण बहुतेकांचे काम अजून त्या रुंद पानाशी येऊन ठेपलेले नाही. ज्याचे ठेपले असेल त्याने दुकानात जाताना आपल्या नित्याच्या कामाचा एक कागद फोनात घालून न्यावा, तो दोन्ही पडद्यांवर वाचून पाहावा, आणि फरक चार वर्षे रोज ३१ रुपये द्यावेत इतका वाटला तरच पैसे मोजावेत.